मुलांचे बोल आणि संगणकाचे कान

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की अनेक शाळांमध्ये एक शोध सुरू होतो. हा शोध लेखनिकाचा असतो. ज्या विद्यार्थ्याला उत्तर येते, पण ते कागदावर उतरवता येत नाही, त्याच्यासाठी लिहून देणारा दुसरा विद्यार्थी मिळवावा लागतो. हा दुसरा विद्यार्थी फार हुशार असूनही चालत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचे असावे, अशी अट घालण्यात आली होती. अटीमागील हेतू रास्त आहे. लेखनिकाने उत्तर सांगू नये. परंतु तिचा परिणाम असा होतो की, दहावीचा मुलगा ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द उच्चारतो आणि समोरचा लहान मुलगा लेखणी थांबवून विचारतो, हे लिहायचे कसे? तेव्हा एकेक अक्षर फोडून सांगावे लागते. नेमके तेच सांगता येत नाही म्हणून तर लेखनिक दिलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने लेखी परीक्षांसाठी नवी सर्वसमावेशक मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लेखनिकांचे स्वतःचे पथक उभारावे आणि उमेदवारांनी शक्य तेथे तंत्रज्ञानाच्या साह्याने स्वतंत्रपणे परीक्षा द्यावी, असा त्यांचा रोख आहे. यातून एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. बोललेले ऐकून ते लिहून देणारी संगणकप्रणाली, म्हणजेच ‘स्पीच रेकग्निशन’, आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. मग ज्या मुलांना लिहिणे किंवा बोलणे जड जाते, त्यांच्या हाती ती का पोहोचत नाही?

प्रश्न एक दिसत असला, तरी त्यात दोन वेगवेगळ्या मुलांची गोष्ट आहे. एकाचे बोलणे स्पष्ट असते, अडचण लिहिण्याची असते. दुसऱ्याचे बोलणेच इतरांना नीट कळत नाही. सरकारी परिपत्रकांत आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत ही दोन्ही मुले ‘विशेष गरजा असलेली मुले’ या एकाच नावाखाली येतात. या प्रणालीच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिल्या मुलासाठी तंत्रज्ञान बऱ्याच अंशी तयार आहे आणि नियम मागे आहेत. दुसऱ्यासाठी तंत्रज्ञानच तयार नाही.

पहिल्या मुलाकडे आधी पाहू. डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया यांना आपल्याकडे अनुक्रमे वाचन-अक्षमता आणि लेखन-अक्षमता असे म्हटले जाते. बुद्धीत उणीव नसते. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड बसत नाही, किंवा हाताला अक्षराचे वळण आठवत नाही. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी असल्याने आपल्या मुलांना हा त्रास कमी होतो, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘सूर्य’ या शब्दातील ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. एकाच ‘र’ची ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘पर्व’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतील रूपे निरनिराळी. त्यात मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलाला’ ऱ्हस्व. बोलताना हा फरक कानाला फारसा जाणवतही नाही. अशा लिपीत ज्या मुलाची चिन्हे जागा बदलतात, त्याची वही लाल शाईने भरून जाते.

या मुलांची ओळख पटवण्याची साधने आपल्या भाषांमध्ये उशिरा आली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत उपलब्ध झाली. सवलतींच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र बराच पुढे होता. दहावीच्या परीक्षेत अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सवलत अशा सुविधा राज्यात १९९६ पासून मिळू लागल्या. देशाच्या कायद्यात अध्ययन-अक्षमतेला स्थान मिळण्यास आणखी वीस वर्षे लागली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ते एकवीस झाले. त्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि वाचा व भाषा दोष या दोहोंचा समावेश झाला.

लिहिण्यात अडचण असलेले मूल तोंडी सांगताना अधिक चांगले लिहिते का? याचे उत्तर संशोधकांनी फार पूर्वीपासून शोधले आहे. अमेरिकेतील चार्ल्स मॅकआर्थर आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अध्ययन-अक्षम मुलांनी तोंडी सांगितलेल्या गोष्टी हाताने लिहिलेल्या गोष्टींपेक्षा लांब आणि दर्जाने सरस आढळल्या. २००४ मध्ये मॅकआर्थर आणि अल्बर्ट कॅव्हेलियर यांनी माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांवर तिहेरी तुलना केली. लेखनिकाला सांगितलेला निबंध सर्वांत चांगला ठरला, संगणकाला सांगितलेला दुसरा आणि हाताने लिहिलेला तिसरा. अध्ययन-अक्षमता नसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. या शेवटच्या निष्कर्षाला मोठे महत्त्व आहे. सवलत म्हणजे अवाजवी लाभ, अशी शंका घेणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळते: ज्याला गरज नाही, त्याला या सोयीचा काही फायदा होत नाही.

याच अभ्यासात लेखनिक पहिला आला, ही गोष्टही लपवण्याचे कारण नाही. चांगला लेखनिक मिळत असेल, तर यंत्र त्याच्या तोडीचे नाही. परंतु लेखनिक परीक्षेचे तीन तास मिळतो. वर्षभर वर्गात टिपणे घेताना, घरचा अभ्यास करताना किंवा मित्राला चिठ्ठी लिहिताना तो नसतो. त्या सर्व वेळी मूल लिहिण्यापासून पळ काढत राहते. हळूहळू त्याला सांगण्यासारखे काही आहे, हे त्याचे त्यालाच वाटेनासे होते. संगणकप्रणालीची खरी उपयुक्तता या उरलेल्या दिवसांसाठी आहे.

ही प्रणाली येथवर येण्याचा मार्ग मोठा आहे. १९९० मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगनडिक्टेट’ बाजारात आली, तेव्हा तिची किंमत सुमारे नऊ हजार डॉलर होती आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. सलग बोललेले समजणारी आवृत्ती १९९७ मध्ये आली. त्या काळातील प्रणालींना वापरणाऱ्याचा आवाज आधी शिकवावा लागे. पडद्यावर येणारा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी बनवलेल्या साधनाच्या दारातच वाचनाची परीक्षा होती! अशा वेळी शिक्षक शेजारी बसून एकेक वाक्य मुलाच्या कानात सांगत आणि मूल ते यंत्राला ऐकवी. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने आयबीएमच्या सहकार्याने राजभाषा विभागासाठी ‘श्रुतलेखन-राजभाषा’ ही हिंदी प्रणाली विकसित केली. नाव मार्मिक आहे. शाळेत श्रुतलेखन म्हणजे गुरुजी सांगणार आणि मुले लिहिणार. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या पोटात गोळा आणणारा तास. येथे मूल सांगते आणि लिहिण्याची जबाबदारी यंत्राची असते.

गूगलने बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये उपलब्ध केली. ओपन एआय या कंपनीने ‘व्हिस्पर’ ही सहा लाख ऐंशी हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेली प्रणाली सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी जुलैमध्ये गांधीनगर येथे प्रधानमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘भाषिणी’ या राष्ट्रीय भाषा उपक्रमाचा प्रारंभ झाला. मद्रास आयआयटीमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांसाठी अशा प्रणाली तयार करून मुक्तपणे वापरण्यास दिल्या आहेत. त्या संगणकावर उतरवून घेता येतात आणि इंटरनेटशिवाय चालवता येतात. ही बाब लक्षात ठेवावी. परीक्षेच्या संदर्भात तिला महत्त्व आहे.

मराठीत बोलून लिहिण्याचा अनुभव कसा आहे? प्रस्तुत लेखकाचे रोजचे काम बातम्यांच्या भाषांतराचे आहे आणि घाईच्या वेळी तो मजकूर फोनला सांगून लिहवून घेतो. बहुतेक वाक्ये बिनचूक येतात. कधी ‘विधेयक मंजूर’ म्हणावे आणि पडद्यावर ‘विधायक मंजूर’ उमटावे, असेही होते. ही चूक दिसते, कारण डोळ्याला शब्द वाचता येतो. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला नेमकी तीच दिसत नाही, कारण यंत्र चुकते तेव्हा चुकीचा शब्दही शुद्ध लिहिते. म्हणून अशा मुलासाठी केवळ लिहून देणारी प्रणाली अपुरी ठरते. लिहिलेले वाक्य पुन्हा मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज तिच्या जोडीला हवाच. कान ज्याला ओळखतो, ते डोळ्यांनी तपासायला लावणे योग्य नाही. ही दोन्ही साधने एकाच फोनमध्ये असतात, पण ती जोडून कशी वापरावीत, हे शाळेत फारसे कोणी शिकवत नाही.

दुसरी अडचण साठ मुलांच्या वर्गाची आहे. शेजारी गलका चालू असताना यंत्राला काही कळत नाही आणि मुलालाही सर्वांसमोर बोलून लिहिण्याचा संकोच वाटतो. तोंडाजवळ धरायचा साधा मायक्रोफोन आणि एक शांत कोपरा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. गणिताची समीकरणे, आकृत्या, रसायनशास्त्रातील सूत्रे यांच्या बाबतीत मात्र बोलून लिहिण्याची सोय अद्याप कच्ची आहे. तेथे लेखनिकाला पर्याय नाही.

आता नियमांकडे वळू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ मध्ये विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत संगणक वापरण्याची मुभा दिली. उत्तरे टंकित करणे, प्रश्न मोठ्या अक्षरात पाहणे आणि प्रश्न ऐकणे, एवढ्यापुरती ती मर्यादित होती. संगणक विद्यार्थ्याने स्वतः आणायचा, तो शिक्षकाने तपासायचा आणि त्याला इंटरनेट जोडलेले नसावे, अशा अटी होत्या. या यादीत प्रश्न ऐकणे आहे, उत्तर बोलणे नाही. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याची सोय झाली. ज्याला लिहिता येत नाही त्याने कळफलकावर अक्षरे शोधावीत, असा त्याचा अर्थ होतो. इंटरनेट नसण्याची अट योग्यच आहे. पूर्वी ती अडसर ठरली असती, कारण आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवूनच ओळखला जाई. आता इंटरनेटविना चालणाऱ्या प्रणाली आल्याने ती सबब उरलेली नाही.

विशेष म्हणजे २०१८ च्याच केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ब्रेल, संगणक, मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका यांच्याबरोबर उत्तरे ध्वनिमुद्रित करून परीक्षा देण्याचा पर्यायही नमूद आहे. म्हणजे तोंडी उत्तर देणे तत्त्वतः मान्य आहे. ध्वनिमुद्रित उत्तर चालते, तर तेच उत्तर यंत्राने लिहून दिलेले का चालू नये? परीक्षकाला तर लिहिलेले वाचणे अधिक सोपे. आणि दोन्ही एकत्र ठेवले, तर यंत्राने काही भलते लिहिले आहे का, हे मूळ आवाजावरून पडताळताही येईल. उमेदवाराला संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा, असेही त्या तत्त्वांत म्हटले आहे. आवाजावर चालणाऱ्या साधनासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने या चर्चेची दिशा बदलली. विकास कुमार या उमेदवाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ हा हाताचा विकार होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत त्यांना लेखनिक नाकारण्यात आला, कारण त्यांचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते. वैद्यकीय प्रमाणपत्रात ते केवळ सहा टक्के होते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निर्णय दिला की, लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. सोय गरजेवर ठरते, टक्केवारीवर नाही. त्यानुसार चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली.

तरीही एक विसंगती राहिली आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. २०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानुसार विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि सहायक साधने मोफत देण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक प्रशासनावर आहे. पण ती किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांपुरती. म्हणजे सौम्य स्वरूपाची लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवशी न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे, परंतु त्या दिवसाची तयारी ज्या साधनावर करायची, ते साधन मिळण्याचा हक्क नाही. बोलून लिहिणे हेही एक कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण जुळवून मग उच्चारणे, विरामचिन्हे सांगणे, चूक झाल्यास तेवढाच शब्द बदलणे, हे महिनोन्‌महिने सरावाने येते. मार्चमध्ये परवानगी मिळाली आणि जूनपासून सराव नसेल, तर त्या परवानगीचा उपयोग नाही. ज्याच्या घरी संगणक आणि शिकवणारे पालक आहेत, त्याचाच सराव होईल.

आता दुसऱ्या मुलाकडे. मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना जीभ, ओठ, श्वास यांच्या स्नायूंवर पुरेसा ताबा ठेवता येत नाही. उच्चार ओढल्यासारखे, अस्पष्ट येतात. या अवस्थेला डिसार्थ्रिया म्हणतात. काही मुले अडखळत बोलतात, काहींचा टाळू दुभंगलेला असतो, काहींना श्रवणदोषामुळे उच्चार नीट साधत नाहीत. यांपैकी अनेकांना लिहिणेही कठीण असते. सर्वाधिक गरज याच मुलांना आहे, आणि नेमके यांचेच बोलणे यंत्राला कळत नाही.

याचे कारण यंत्राच्या शिक्षणात आहे. यंत्र एकेका ध्वनीचा अर्थ लावत नाही. आजवर ऐकलेल्या लाखो वाक्यांच्या आधारे, आत्ता ऐकलेला आवाज कोणत्या शब्दांचा असण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधते. हे शिक्षण प्रामुख्याने प्रौढांच्या, स्पष्ट आवाजावर झालेले असते. मुलांचा आवाज मुळातच वेगळा. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला सव्वाशेच्या आसपास असतात. आठ वर्षांच्या मुलाची अडीचशेच्या पुढे. कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी आखूड असल्याने स्वरांची ठेवणही बदलते. त्यात मूल मध्येच थांबते, शब्द दोनदा म्हणते, वाक्य सोडून नवे सुरू करते. निरोगी मुलाबाबतही यंत्र अधिक चुकते ते यामुळे. डिसार्थ्रिया असेल, तर अंदाज पुरता ढासळतो.

अंदाज ढासळला की यंत्र गप्प बसत नाही, ही अधिक काळजीची गोष्ट आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ मध्ये ‘व्हिस्पर’ची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांमध्ये या प्रणालीने कोणीही न उच्चारलेली वाक्ये स्वतःहून घातली होती. मेंदूला इजा झाल्याने वाचाघात झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते, कारण त्यांच्या बोलण्यात थांबे लांब असतात. थांबा आला की यंत्र ती जागा आपल्या मनाने भरते. आता हीच प्रणाली अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या उत्तरपत्रिकेशी जोडल्याची कल्पना करावी. श्वास घेण्यासाठी ते थांबेल आणि त्याच्या नावावर एखादे भलतेच वाक्य लिहिले जाईल. लेखनिक चुकतो तेव्हा निदान विचारतो.

उपाय नाही असे नाही. गूगलने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रोजेक्ट युफोनिया’त एकेका व्यक्तीचा आवाज वेगळा शिकवण्याचा मार्ग निवडण्यात आला. त्या कंपनीतील संशोधक दिमित्री कानेव्हस्की लहानपणापासून बधिर आहेत आणि त्यांचे उच्चार अनोळखी माणसाला सहज कळत नाहीत. त्यांनी स्वतःच्या आवाजातील हजारो वाक्ये यंत्राला ऐकवली आणि यंत्र त्यांचे बोलणे ओळखू लागले. इस्रायलमधील ‘व्हॉइसइट’ या कंपनीनेही याच धर्तीवर काम केले आहे. मग २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने ॲमेझॉन, ॲपल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पाठिंब्याने असे आवाज एकत्रित जमवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पार्किन्सन, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात असलेल्या लोकांचे आवाज त्यात नोंदवले जातात. मात्र हे लोक अठरा वर्षांवरील आहेत आणि प्रकल्पाची सुरुवात अमेरिकी इंग्रजीपासून झाली. संमतीचे प्रश्न लक्षात घेता प्रौढांपासून आरंभ करणे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की, मुले याही वेळी रांगेत मागे राहिली आणि मराठी, ओडिया किंवा संथाळी बोलणारी मुले त्यांच्याही मागे.

भारतात आवाज जमवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ‘एआय फॉर भारत’च्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या संग्रहाच्या २०२४ मधील पहिल्या आवृत्तीतच बावीस भाषांतील सोळा हजारांहून अधिक व्यक्तींचे सात हजार तासांपेक्षा जास्त बोलणे होते. ‘भाषिणी’च्या ‘भाषादान’ या उपक्रमात कोणीही नागरिक आपल्या भाषेतील वाक्ये बोलून नोंदवू शकतो. परंतु ही मोहीम जिल्हा, वय, लिंग, व्यवसाय अशा अंगांनी विविधता शोधते. अस्पष्ट उच्चार तिच्या लेखी दोष ठरतो आणि तपासणीत गाळला जाण्याचीच शक्यता अधिक. इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातील बोली संग्रहात यावी, यासाठी जसा मुद्दाम प्रयत्न करावा लागतो, तसाच तो या आवाजांसाठीही करावा लागेल.

त्यासाठी लागणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. उपचारासाठी आलेल्या मुलांच्या उच्चारांच्या नोंदी घेणे हा तेथील नित्याचा भाग असतो. भाषातंत्रज्ञानाचे काम दुसऱ्या मंत्रालयाकडे, वाचा-उपचार तिसऱ्याकडे आणि शाळा चौथ्याकडे, या विभागणीत ही मुले निसटतात. ‘भाषिणी’च्या निधीतील एक छोटा हिस्सा या संस्थांना देऊन, पालकांच्या संमतीने मुलांचे आवाज नोंदवण्याचा कार्यक्रम आखणे अवघड नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक केली आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. हे बंधन अडथळा म्हणून न पाहिलेले बरे. मुलाचा आवाज ही त्याची ओळख आहे. एखाद्या खासगी ॲपने ‘मोफत’ सोयीच्या बदल्यात तो परस्पर घेऊन जाण्यापेक्षा सरकारी रुग्णालयात नियमानुसार नोंदवला जाणे केव्हाही चांगले.

हे सर्व घडेपर्यंत या मुलांसाठी काय? येथे उत्साही पालकांना आणि शाळांना एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. ज्या मुलाचे बोलणे त्याच्या आईखेरीज कोणाला कळत नाही, त्याला आजची सर्वसाधारण प्रणाली देऊन तासन्‌तास बोलायला लावणे निर्दयपणाचे आहे. यंत्र पुन्हा पुन्हा चुकते आणि मुलाला वाटते, चूक आपली आहे. त्याच्यासाठी इतर वाटा आहेत. मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी आपले आत्मकथन हाताच्या एका बोटाने टंकित करून लिहिले आणि २०१० मध्ये ते ‘वन लिटल फिंगर’ या नावाने प्रसिद्ध झाले. चेन्नईत अजित नारायणन यांनी विकसित केलेल्या ‘आवाज’ या साधनात मूल चित्रे निवडते आणि यंत्र त्यांचे वाक्य बोलून दाखवते. म्हणजे येथे यंत्राने ऐकायचे नाही, बोलायचे आहे. कोणत्या मुलाला कोणते साधन, हे वाचा-उपचारतज्ज्ञाने मुलाला पाहून ठरवावे. निविदा काढून शाळांना एकच सॉफ्टवेअर वाटण्याने ते ठरणार नाही.

भाषाविषयाच्या पेपरचा प्रश्न तर अजून कोणी हातीच घेतलेला दिसत नाही. भंडाऱ्याचे किंवा धुळ्याचे मूल ‘पानी’ म्हणेल आणि यंत्र ‘पाणी’ लिहील. ‘फुलाला’ हा शब्द कसा लिहायचा हे त्याला माहीत नसेल आणि तो पडद्यावर निर्दोष उमटेल. शुद्धलेखनाचे गुण असलेल्या प्रश्नात हे गुण कोणाचे मानायचे, मुलाचे की यंत्राचे? अध्ययन-अक्षम विद्यार्थ्याला शुद्धलेखनाच्या चुकांसाठी सवलत देण्याची महाराष्ट्रातील १९९६ पासूनची पद्धत येथे कामी येऊ शकते: जे गुण माफ आहेत, त्यांच्यासाठी यंत्राने मदत केली काय आणि न केली काय, फरक पडत नाही. ज्या मंडळांमध्ये अशी सवलत नाही, त्यांना मात्र बोलून लिहिण्याची परवानगी देण्यापूर्वी हा निर्णय लेखी स्वरूपात घ्यावा लागेल, आणि तोही शाळेचे वर्ष सुरू होण्याच्या आधी.